दाढ काढायची की ठेवायची?

महाराष्ट्रात दाताच्या डॉक्टरांचा तुटवडा आहे, असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. पुण्याच्या कर्वे रस्त्याने किंवा नाशिकच्या कॉलेज रोडने कोणीही चालत जावे. मेडिकलच्या दुकानांइतक्या दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या दिसतील. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत, बीडीएसच्या वर्षाला पंचवीस हजारांवर जागा आहेत आणि त्यांतल्या बहुतेक खासगी संस्थांच्या आहेत. एवढे असूनही अक्कलकुव्याच्या किंवा एटापल्लीच्या माणसाची दाढ ठणकू लागली की उपचारांचा क्रम ठरलेला असतो. आधी लवंगेचे तेल, मग मेडिकलमधून आणलेली दुखण्यावरची गोळी, गाल सुजला की कोणीतरी सांगितलेले अँटिबायोटिक, आणि सरतेशेवटी तालुक्याला जाऊन दाढ काढून टाकणे. याला अडाणीपणा म्हणणारे शहरात पुष्कळ भेटतात. हिशेब मांडून पाहिला तर तसे वाटत नाही.

कीड लहान असतानाच दाढ भरून घेतली तर खर्च काही शे रुपयांचा. कीड आतल्या नसेपर्यंत पोचली की रूट कॅनाल करावे लागते, त्यानंतर दाढ ठिसूळ होते म्हणून वर कॅप बसवावी लागते, आणि तालुक्याच्या गावीसुद्धा हे प्रकरण पाच-सहा हजारांच्या खाली सहसा आटपत नाही. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे एका दाढेपायी वीस दिवसांची मजुरी. शिवाय दोन-तीन खेपा घालायच्या, प्रत्येक खेपेला एक खाडा आणि एसटीचे भाडे. दाढ काढायला एकच खेप पुरते. अशा वेळी ‘काढूनच टाका डॉक्टर’ म्हणणारा माणूस त्याच्या परीने चोख व्यवहार करत असतो. त्या व्यवहारातला तोटा उशिरा कळतो. शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात, एकाच बाजूने चावायची सवय लागते, मग त्या बाजूच्या दाढा झिजतात आणि पन्नाशीतच कवळीची वेळ येते.

दाढ काढायची की ठेवायची, हे तोंडात पाहून ठरते असे आम्हाला महाविद्यालयात शिकवले गेले. प्रत्यक्षात ते खिसा, अंतर आणि सवड पाहून ठरते. हे पुस्तक या एका वस्तुस्थितीभोवती उभे आहे, आणि त्याच्या केंद्रस्थानी आहे साधा बीडीएस झालेला, कुठल्याही एका शाखेचा तज्ज्ञ नसलेला दाताचा डॉक्टर.

या डॉक्टरकडे आपला समाज थोडे तिरकेच पाहतो. एमबीबीएसला नंबर लागला नाही म्हणून इकडे वळला असणार, ही कुजबुज त्याच्या वाट्याला पहिल्या वर्षापासून येते. पुढे एमडीएस केले नाही तर तो आणखी एक पायरी खाली उतरतो. एमडीएसच्या शाखा नऊ. रूट कॅनालची वेगळी, हिरड्यांची वेगळी, वेड्यावाकड्या दातांची, कवळ्यांची, लहान मुलांची, जबड्याच्या शस्त्रक्रियेची वेगळी; सार्वजनिक दंतआरोग्य हीही एक शाखा आहे, फक्त तिच्याकडे हौसेने जाणारे विरळा. रोगी मात्र शाखा निवडून येत नाही. सकाळच्या वेळात याच डॉक्टरच्या खुर्चीवर किडलेल्या दुधाच्या दाढेचे रडणारे पोर बसते, मग हिरड्यांतून रक्त येते म्हणून घाबरलेली गर्भवती, मग मधुमेहाने दात हललेला शिक्षक, आणि मावा खाऊन तोंड उघडेनासे झालेला विशीतला मुलगा. यांतले बहुतेक काम तो स्वतः करतो. जे होत नाही त्यासाठी तालुक्यांच्या गावांनी आपली एक पद्धत बसवली आहे: गुरुवारी रूट कॅनालवाले मॅडम येतात, महिन्यातून दोनदा तारा लावणारे डॉक्टर येतात, खुर्ची मात्र गावच्याच डॉक्टरची. ही पद्धत कोणत्याही सरकारी योजनेत नाही, आणि ग्रामीण महाराष्ट्राला तज्ज्ञ उपचार जे काही मिळतात ते बरेचसे तिच्यामुळेच मिळतात.

जनरल दंतवैद्याचे खरे कसब ठरवण्यात आहे. काय आपण करायचे, काय पुढे पाठवायचे आणि कशाला हातच लावायचा नाही. तिसरे सर्वांत अवघड, कारण त्याचे पैसे कोणी देत नाही.

हा व्यवसाय वैद्यकापासून निराळा का पडला, हे नव्या वाचकाला ठाऊक असायला हवे, कारण आजच्या अनेक अडचणी त्या फारकतीतून आलेल्या आहेत. सुश्रुतसंहितेत मुखाचे ६५ रोग सांगितले आहेत आणि दातांचे रोग त्यांतच येतात. तिथे तोंड शरीरापासून तुटलेले नाही. युरोपात १७२८ साली पिएर फोशारने दंतचिकित्सेवरचा मोठा ग्रंथ लिहिला आणि दात उपटणाऱ्या कारागिरांच्या धंद्याला शास्त्राचा पाया मिळाला. १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोरला दंतवैद्यकाचे पहिले स्वतंत्र महाविद्यालय निघाले. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाने हा विषय शिकवायला नकार दिला म्हणून वेगळी चूल मांडावी लागली, अशी कथा सांगतात. त्या नकाराच्या पुराव्याविषयी इतिहासकारांना शंका आहे, पण वेगळी चूल कायम राहिली हे खरे. युरोपातल्या काही देशांनी बराच काळ दुसरी वाट धरली होती: आधी पूर्ण वैद्य व्हायचे, मग दातांकडे वळायचे.

आपल्याकडे बाल्टिमोरची वाट आली. डॉ. रफीउद्दीन अहमद अमेरिकेत आयोवा विद्यापीठात शिकून परतले आणि १९२० साली त्यांनी कोलकात्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे, सरकारी १९४५ चे. त्यापूर्वी आणि त्यानंतरही कित्येक वर्षे सामान्य माणसाचे दात काढणारे लोक निराळेच होते. गावचा न्हावी, जत्रेत चादर पसरून बसणारा दातवाला, मुंबई-कोलकात्याच्या पेठांतले चिनी दंतवैद्य. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने या सगळ्या गर्दीला नोंदवहीत बसवले. पदवीधरांची नोंद ‘अ’ भागात. पदवी नसलेले, पण किमान पाच वर्षे याच धंद्यावर पोट भरणारे ‘ब’ भागात. मला हा तोडगा फार शहाणपणाचा वाटतो. ज्यांनी तो लिहिला त्यांना माहीत होते, की पदवी नाही म्हणून हाकलले तर रोग्यांना जायला दुसरी जागाच नव्हती. १९४९ साली भारतीय दंत परिषद स्थापन झाली. २०२३ साली संसदेने तो जुना कायदा मागे टाकून राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला.

परवडणाऱ्या दंतोपचाराचे जगात जे प्रयोग झाले त्यांतले बरेचसे दोन प्रश्नांची उत्तरे आहेत. काम कोणी करायचे आणि पैसे कोणी द्यायचे? न्यूझीलंडने १९२१ पासून तरुण मुलींना दोन वर्षे शिकवून शाळांत ‘डेंटल नर्स’ म्हणून नेमले. दात भरणे, दुधाचे दात काढणे, मुलांना घासायला शिकवणे ही कामे त्यांनी केली. तेव्हाच्या डॉक्टरांना ते रुचले नव्हते, आणि आजही आपल्याकडे असे काही सुचवले तर रुचणार नाही. ब्रिटनने १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवेत दातही फुकट केले. कवळ्यांसाठी अशी झुंबड उडाली की १९५१ साली कवळी आणि चष्म्यावर शुल्क लावायचे ठरले, आणि त्या निषेधार्थ ज्यांनी ही सेवा उभी केली त्या अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. तत्त्वासाठी राजीनामे पुष्कळ झाले असतील. कवळीसाठी झालेला मला हा एकच ठाऊक आहे.

ब्रिटनचाच पुढचा अध्याय आपल्या अधिक कामाचा आहे. २००६ साली तिथे दंतवैद्यांशी नवा करार झाला आणि एका वेळच्या उपचारात एक दात भरला काय नि सहा भरले काय, डॉक्टरला मोबदला सारखाच मिळू लागला. परिणाम सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. ज्याच्या तोंडात सगळेच दात किडलेले, असा गरीब रोगी कोणालाच नकोसा झाला. आपल्याकडे उलट आहे. इथे प्रत्येक कामाचे वेगळे पैसे, त्यामुळे जितके काम मोठे तितका डॉक्टरचा फायदा. कीड लहान असताना भरली तर थोडे मिळतात, रूट कॅनाल आणि कॅपचे भरपूर मिळतात, घासायचे कसे हे दहा मिनिटे बसून शिकवले तर काहीच मिळत नाही. डॉक्टर वाईट आहेत असा याचा अर्थ नाही. लाखो रुपये शुल्क भरून शिकलेला, खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह आणि एक्स-रेचे यंत्र कर्जावर घेतलेला तरुण डॉक्टर हप्ता कशातून फेडणार, याचा विचार न करता त्याला सेवाभावाचे धडे देणे मात्र बरोबर नाही.

तिसरा विचारप्रवाह म्हणतो, रोगच होऊ देऊ नका. १९४५ साली अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरात पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली आणि मुलांच्या दातांची कीड घटली. ही यशोगाथा आपल्या पाठ्यपुस्तकांत मोठ्या भक्तिभावाने येते. पण यवतमाळ-चंद्रपूरच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड इतके, की मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडेही आखडतात. तिथल्या डॉक्टरने ग्रँड रॅपिड्सचा धडा जसाच्या तसा कसा वापरायचा? तिथे तोंडाच्या आरोग्याची पहिली लढाई पाणीपुरवठा खात्याशी असते.

चौथा प्रवाह सर्वांत नवा आणि, माझ्या मते, आपल्या परिस्थितीला सर्वांत जवळचा. १९८०च्या दशकाच्या मध्यावर टांझानियात एक पद्धत आकाराला आली: वीज नको, ड्रिल नको, हाताच्या अवजारांनी कुजलेला भाग खरवडायचा आणि ग्लास आयनोमर नावाचे सिमेंट भरायचे. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिचा पुरस्कार केला. स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल या जनरल दंतवैद्य बाईंनी लहान मुलांच्या किडलेल्या दाढेवर, न कोरता आणि सुई न टोचता, नुसती स्टीलची टोपी बसवून कीड आतच कोंडण्याची युक्ती वर्षानुवर्षे वापरली. विद्यापीठांनी आधी भुवया उंचावल्या, मग चाचण्या केल्या, मग ती शिकवायला घेतली. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचा एक थेंब कीड जागच्या जागी थांबवू शकतो. दात काळा पडतो, आणि पुढचा दात असेल तर आई-वडील कुरकुर करतात. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइडची टूथपेस्ट, ग्लास आयनोमर आणि हा काळा करणारा थेंब, तिन्ही दाखल झाले. यांतल्या कशालाही तज्ज्ञ लागत नाही. महागडे यंत्रही लागत नाही.

यांच्या जोडीला आता मॉलमधले साखळी दवाखाने आले आहेत, हप्त्यांवर इम्प्लांट आले आहेत. अमेरिकेतली आपली मंडळी डिसेंबरात लग्नासाठी येतात तेव्हा कॅपा बसवून घेऊन जातात, कारण तिथल्या वृद्धांच्या मेडिकेअरमध्येही नेहमीचे दंतोपचार बसत नाहीत. हा व्यवसाय भरभराटीचा आहे, त्याच्याशी माझे भांडण नाही. परवडणाऱ्या उपचारांचा प्रश्न त्याने सुटेल असे म्हणणाऱ्यांशी आहे.

महाराष्ट्राकडे या विषयात अभिमानाने सांगावे असे एक काम आहे, आणि ते दंतवैद्यांनीही विसरावे याचे मला वाईट वाटते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघर जाऊन १,०१,७६१ लोकांची तोंडे तपासली आणि १९७२ साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. तंबाखू, मशेरी, विडी यांचा तोंडाच्या कर्करोगाशी आणि त्याआधीच्या पांढऱ्या चट्ट्यांशी असलेला संबंध अशा कामांतून पक्का झाला. पुढे केरळातल्या मोठ्या चाचणीने २००५ साली दाखवून दिले, की शिकवलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसते तोंड उघडून पाहिले तरी तंबाखू-दारूचे व्यसन असलेल्यांतले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी होतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही विदर्भात खर्रा आहे, पश्चिम महाराष्ट्रात मावा आहे, आणि दाढदुखीवर उतारा म्हणून सुरू झालेली मशेरी अनेक बायकांची आयुष्यभर सुटत नाही. मावा-खर्रा खाणाऱ्या मुलाच्या समोरच्या दातांच्या फटीत त्याची स्वतःची तीन बोटे उभी जात नसतील तर तो मुलगा धोक्यात आहे, हे ओळखायला यंत्र लागत नाही. तो मुलगा कर्करोगतज्ज्ञाकडे आपण होऊन जाणार नाही. दाढ दुखली म्हणून दाताच्या डॉक्टरकडे तो कधीतरी नक्की येतो, आणि पुष्कळदा तेवढीच एक संधी असते.

सरकारी बाजूने काहीच झाले नाही असे नाही. २०१४ साली राष्ट्रीय मुखआरोग्य कार्यक्रम सुरू झाला. गावपातळीवरच्या आरोग्य केंद्रांतून द्यायच्या बारा सेवांत तोंडाच्या आरोग्याचा समावेश आहे. पण आरोग्य विम्याच्या मोठ्या योजना, केंद्राची आयुष्मान भारत असो की राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, मुख्यतः रुग्णालयात दाखल व्हावे लागणाऱ्या आजारांभोवती रचलेल्या आहेत. किडक्या दाढेसाठी कोणी दाखल होत नाही. जबड्याचा कर्करोग झाला तर योजना धावून येते, तो होऊ नये म्हणून वेळेवर तोंड पाहणाऱ्याला मात्र तिच्यात जागा नाही. २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्यांचे आणि ३५ ते ४४ वयाच्या लोकांपैकी सुमारे ऐंशी टक्क्यांचे दात किडलेले आढळले होते. इतका सार्वत्रिक रोग विम्याच्या बाहेर ठेवायचा आणि मग लोक दातांकडे दुर्लक्ष करतात म्हणून हळहळायचे, हे आपल्याला जमून गेले आहे.

अशा वेळी हा संग्रह येतो आहे. यात लिहिणारे बहुतेक जण तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करणारे आहेत. काही ग्रामीण रुग्णालयांतले, काही अध्यापक. त्यांनी आपल्या कामाचा हिशेब उघड मांडला आहे, दरांसकट, आणि त्यासाठी धैर्य लागते, कारण दर छापले की शेजारचा डॉक्टर रागावतो. दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात स्वस्तात दात करून घेण्याची वाट कोणासाठी सोयीची आणि कोणासाठी निरुपयोगी, पारंपरिक समजुतींशी वाद न घालता कसे बोलावे (दाढ काढली की नजर जाते, दात साफ केले की सैल होतात, वगैरे), खेडेगावात दवाखाना तगतो कसा आणि बुडतो कशामुळे, अशा प्रश्नांना हे लेखक थेट भिडतात. एकमेकांशी असहमतही होतात. संपादकांनी ती असहमती घासूनपुसून काढली नाही, हे चांगले केले.

हे पुस्तक घरगुती उपायांचे नाही, आणि कोणत्या डॉक्टरकडे जावे हेही ते सांगत नाही. माझी त्याच्याबद्दल एकच तक्रार आहे. १९४८ च्या कायद्याने डेंटल हायजिनिस्ट आणि कवळ्या बनवणारे मेकॅनिक यांनाही नोंदवहीत स्थान दिले होते. त्या माणसांविषयी इथे फार थोडे आहे. डॉक्टरांची संख्या वाढवण्याऐवजी त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे वाढवावीत की नाही, हा यापुढचा मोठा वाद ठरेल, आणि त्यात दंतवैद्यांनी स्वतःच्या हिताविरुद्ध थोडे बोलण्याची तयारी ठेवावी लागेल. पुढच्या आवृत्तीत ते यावे.

वाचकांना एक काम सांगतो. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा आणि इथे दाताच्या डॉक्टरचे पद भरलेले आहे का, दात भरायचे सिमेंट कपाटात आहे का, असे विचारा. अनेक ठिकाणी डॉक्टर असतो, खुर्ची असते, फक्त सामान नसते, म्हणून तिथे दात काढले जातात, भरले जात नाहीत. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते आणि तिच्या हाती थोडा निधीही असतो. ग्लास आयनोमरची बाटली त्या निधीत बसते. समितीच्या पुढच्या बैठकीत तो विषय लेखी द्या.